घोडा तयार होता, सुकलालदादा

सुकलालदादा,

काल दुपारी रामलाल आला होता. ऑफिसमागच्या शेडमध्ये गेला, ताडपत्री बाजूला सारली आणि त्या सागवानी खांबासमोर बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "ताई, घोडा तयार हाये. आता बाप बसवा लागते त्याच्यावर."

मला हसू आलं, आणि लगेच तिथं उभंही राहवेना. तुमचा मुलगा बोलतो तुमच्यासारखाच. वाईटातली वाईट गोष्ट सांगताना तुमचा आवाज जसा सपाट व्हायचा, तसाच त्याचाही होतो.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. पाहुण्यांची एक तुकडी परवा येऊन गेली. तुमच्याच पायवाटेनं फिरली. गाइडनं तुमच्यासारखंच ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना थांबवलं. मी मागे होते. थांबल्यावर मला वाटलं, आता तुम्ही हळूच मागे वळाल आणि म्हणाल, "काय वो ग्रॅज्युएट, आयकू आलं का काही?" पाच वर्षं तुम्ही मला त्याच नावानं हाक मारलीत. आधी ते टोमण्यासारखं लागायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील तेल्हाऱ्याच्या बाजारात हमाल, आई कापूस वेचायला जायची. मला ती पदवी गळ्यात घालून फिरावंसं वाटायचं आणि तुम्ही तिचीच थट्टा करायचात. पुढे लक्षात आलं की तुम्ही ते नाव परक्या माणसांसमोर जरा मोठ्यानं घेता.

त्या खांबाबद्दल तुमची माफी मी कधी नीट मागितली नाही. इथूनच सुरुवात करते.

कोरकूंमध्ये माणूस गेला की त्याच्या नावानं सागाचा खांब कोरून उभा करतात, वर सूर्य आणि चंद्र, खाली घोडा आणि घोड्यावर गेलेला माणूस. त्याला मुंडा म्हणतात. हे सगळं आज मला ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा मी नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मेळघाटच्या पायथ्याच्या या गावात चार घरांत पाहुणे राहतील, गावातलेच लोक त्यांना व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या बफर जंगलात पायी फिरवतील, आणि येणाऱ्या पैशातून गावाला वाटा मिळेल, असं काम आमच्या छोट्या संस्थेनं हाती घेतलं होतं. मला वाटलं, प्रवेशाजवळ काहीतरी कोरकू दिसायला हवं. एका फोटोत मुंडा पाहिला, सुंदर वाटला. अंजनगाव सुर्जीच्या एका मिस्त्रीला तो फोटो दिला आणि फाटकाच्या दोन बाजूंना दोन करायला सांगितले. "घोड्यावर माणूस नको," मी त्याला म्हटलं, "मोकळा घोडा छान दिसेल." मिस्त्री म्हणाला, "जनावर कोरलं अन् वर कोनीच नाई, असं कसं? मी वर लाकूड राखून ठेवतो, बाई. उद्या वाटलं तर बसवून घ्या."

एक तयार झाला, तो आम्ही फाटकाशी उभा केला. वर पाटी लावली, स्वागत.

तुम्ही सकाळी आलात. पाटी वाचलीत. खांबाकडे पाहिलंत. मला विचारलंत, "कोन मेलं?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "कोणी नाही, दादा. डिझाइन आहे."

तुम्ही इतके हसलात की खाली बसलात. मागून येणारे दोघं-तिघंही हसले. मग तुम्ही उठून खांबावरून हात फिरवलात आणि हसणं थांबलं. "कोरलं चांगलं हाये," तुम्ही म्हणालात. "पन रिकामा मुंडा उभा करत नसतेत, पोरी. तो मानूस मांगते."

मी त्याच दिवशी तो काढून शेडमध्ये ठेवला. जाळून टाकू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "सागवान हाये, जाळतं काहून? पडू दे. कोनाच्या तरी कामी येईन."

मी रिकाम्या खांबाला माणूस मागू देणाऱ्या घरात वाढलेली नाही. आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि कारण विचारल्याशिवाय काहीही मान्य करायचं नाही ही शिकवण आहे. तरी अकोल्यातली बैठक अर्धी सोडून मी अमरावतीच्या दवाखान्यात पोहोचले आणि तुमचा बिछाना रिकामा पाहिला, तेव्हा सगळ्यात आधी मला तो खांब आठवला. ही गोष्ट फक्त तुम्हालाच सांगते आहे.

आता प्रश्न असा आहे की तो उभा कुठं करायचा. तुमचं जुनं गाव आत, वाघांसाठी राखलेल्या कोअरमध्ये. पुनर्वसन झालं आणि सगळे तेल्हाऱ्याजवळ सपाटीवर आले. रामलालचं घर तिथंच आहे. तुम्ही मात्र एक उन्हाळा काढून परत पायथ्याशी आलात. "तिथं सकाळी कोंबडा सोडून कोनी बोलत नाई," एवढंच कारण सांगितलंत. रामलालचं म्हणणं, मुंडा नव्या गावात हवा. म्हाताऱ्या लोकांचं म्हणणं, तो आत, तुमच्या बायकोच्या मुंड्याशेजारी हवा. तुम्ही कुणालाच काही सांगून गेला नाहीत. शेवटच्या वर्षात तुमच्यासोबत सगळ्यात जास्त हिंडले मी. म्हणून आज संध्याकाळच्या बैठकीत सगळे माझ्या तोंडाकडे बघणार आहेत. तिथं जाण्याआधी हे लिहायला बसले आहे.

मला युगांडा आठवतो आहे.

तिथल्या गोरिलांच्या राष्ट्रीय उद्यानात गावकऱ्यांच्या हातांनी पर्यटन कसं चालतं, हे बघायला आपल्याकडचे दोघं जाणार असं ठरलं, तेव्हा पासपोर्ट कार्यालयात तुमच्या बोटांचे ठसे घेताना मी शेजारी होते. मशीन दोनदा नाही म्हणाली. तुम्ही म्हणालात, "घासून गेले. झाडाले देल्ले सारे." विमानात तुम्ही खिडकीला नाक लावून ढगांकडे पाहत होतात. पिशवीत भाकरी आणि ठेचा होता, आणि शेजारच्या बाईला तुम्ही तो आग्रहानं वाढलात. तिचे डोळे भरून आले. तुम्हाला वाटलं, मायेनं.

तिथं जंगलाच्या तोंडाशी गावातले हमाल रांगेत उभे होते. पाहुण्यांची बॅग उचलायची, चढावर हात द्यायचा. मला माझी बॅग देववेना. माझ्या बापानं आयुष्यभर पोती वाहिली होती. एका परक्या माणसाच्या पाठीवर माझं ओझं कसं टाकू? मी पट्टा घट्ट धरून उभी राहिले. जोसेफ नावाचा आपला गाइड समजावत होता की यातले काही जण पूर्वी जंगलात फास लावायचे, आता याच कामावर त्यांची घरं चालतात, म्हणून तेच इतरांना फास लावू देत नाहीत. मला ते सगळं पटत होतं, हात मात्र सुटत नव्हता. तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "दे त्याले. काम मांगून राहिला तो, भीक नाई. तुह्या बापाले कोनी पोतं देल्लं नसतं त तू शिकली असती काय?"

मी बॅग दिली. त्या चढावर त्या माणसानं मला चार वेळा पडता पडता धरलं. घरी आल्यावर वडिलांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं पट्टा खांद्यावर घेतला का कपाळावर?"

आणि मग गोरिला. दादा, ते कसं लिहू? तीन तास आपण चिखल, वेली, खाजकुइलीसारखी पानं यांतून चढलो. जंगल इतकं दाट की पाय जमिनीवर आहे की वेलींवर, कळत नव्हतं. जोसेफनं हात वर केला. मास्क लावायला सांगितले. समोरची पानं हलली आणि त्यामागे तो बसलेला होता. पाठ चांदीसारखी. एवढं मोठं शरीर, आणि बोटं किती हलकी! एक वेल ओढायचा, पानं सोलायचा, देठ बाजूला टाकायचा. आपली आई मेथी निवडते तसं. मग त्यानं मान वर केली आणि आपल्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. आपण कोण आहोत याचा अंदाज त्यानं घेतला आणि तो पुन्हा जेवायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी घरात उभी आहे आणि त्या घराला माझी काहीच गरज नाही.

जोसेफ कुजबुजत होता, डोळ्याला डोळा भिडवू नका. तुमची नजर आधीच खाली होती. तुम्ही हात जोडले होते.

तासभर झाला. नेमकी तेव्हाच वरच्या फांदीवरून एक मादी उतरली, पाठीवर मुठीएवढ्या डोक्याचं पिल्लू. सगळे कॅमेरे वर गेले. जोसेफ म्हणाला, वेळ संपली. आठ पाहुणे होतो आपण. सातजण त्याच्याकडे विनवणीनं बघत होते, त्यात मीही. तुम्ही मात्र वळून चालायला लागला होतात. खाली उतरल्यावर मी चिडून विचारलं, "दादा, पिल्लू तरी बघायचं होतं! इतक्या लांबून आलो आपण."

"पाहुन्याले उठाचं केव्हा हे समजलं पाह्यजे," तुम्ही म्हणालात. "मंगच घरवाला पुन्हा या म्हनते."

दुसऱ्या दिवशी आपण गावाच्या कडेला गेलो, जिथं बाट्वा लोक पाहुण्यांना आपलं जुनं जगणं दाखवतात. हे त्याच जंगलात राहणारे, उद्यान झालं तेव्हा बाहेर आणलेले. एका म्हाताऱ्यानं काडीवर काडी घासून आग काढून दाखवली. मध कसा शोधायचे, ते दाखवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाजवल्या नाहीत. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलात. त्यानं एक पान खुडून तुमच्या हातात दिलं आणि त्याचं नाव सांगितलं. तुम्ही दुसरं खुडलंत, वास घेतलात आणि कोरकूत काहीतरी म्हणालात. असं कितीतरी वेळ चाललं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि मध्येच दोघं हसत होते. मग तुम्ही मला हाक मारलीत.

"ग्रॅज्युएट, याले इचार. याचे मेलेले कुठी हायेत?"

मी इंग्रजीत जोसेफला, जोसेफनं त्याच्या भाषेत म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्याचं हसू गेलं. त्यानं हात लांब केला आणि जंगलाकडे दाखवलं. धुकं होतं. तुम्ही त्या हाताच्या दिशेनं पाहत राहिलात, आणि मग तुम्हीही तुमचा हात लांब केलात, कुठल्या तरी दिशेला. तिथून मेळघाट कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला कसं ठाऊक असणार? तरी त्या म्हाताऱ्यानं मान हलवली. मला आणि जोसेफला भाषांतर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परत आल्यावर तुम्ही गावात नियम केलात, सहाच पाहुणे, आणि पाणवठ्यावरच्या कड्यावर तासभरच. त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, लोक नाराज होतील, नेटवर वाईट लिहितील. तुम्ही म्हणायचात, "लिहू दे. जनावर वाचत नसते." एकदा तास संपला आणि खालच्या पाणवठ्याजवळ वानरं खाकरायला लागली. पाहुण्यांतल्या एका गृहस्थांनी हात जोडले. "अहो, वाघ येतोय आणि तुम्ही उठा म्हणता?" तुम्ही म्हणालात, "तो येऊन राहिला म्हनूनच." आणि चालायला लागलात. बिचारे वाटभर कुरकुरत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांना परत कड्यावर नेलंत. जिथं ते बसले होते तिथल्या मातीवर, अगदी त्यांच्या बुटांच्या ठशांवर, पंजा उमटला होता. ते गृहस्थ गुडघ्यावर बसले. त्यांनी फोटो काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात ते आईला घेऊन आले.

जे भांडण अर्धं राहिलं ते हे नव्हे. ते पुनर्वसनाचं. मी म्हणायचे, बाहेर आल्यानं शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, तुमची नात मी शिकले त्याच शाळेत जाते आहे. तुमच्या आतल्या गावात राहिली असती तर? तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. एकदाच म्हणालात, "तुहं खरं हाये. माहंही खरं हाये. पन दोन खरं एका जुवाले जुपता येत नाईत." मी म्हटलं, प्रयत्न तरी करू. तुम्ही विडी पेटवलीत आणि विषय बदललात.

आणि मग गेल्या हिवाळ्यात परवानगी काढून आपण तुमच्या जुन्या गावी गेलो. वनरक्षक सोबत होता. मला वाटलं होतं, पडकी घरं असतील. घरं नव्हतीच. डोक्याएवढं उंच सोनेरी गवत होतं, दरीभर. आणि त्यात रानगवे. किती होते मोजता आले नाहीत. काळ्या पाठी, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एकानं मान वर केली आणि मला तो गोरिला आठवला. तीच नजर. तुम्ही हळू आवाजात सांगत होतात, "इथी शाळा होती. इथी हातपंप. थो मोठा गवा उभा हाये ना, थे माहं घर." तुमच्या आवाजात दुःख असेल म्हणून मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही थक्क होऊन बघत होतात, पहिल्यांदा जंगल बघणाऱ्या पाहुण्यासारखे.

मोहाच्या झाडाखाली मुंडे उभे होते. तुमच्या वडिलांचा, तुमच्या बायकोचा. भोवती ओल्या मातीत पंजे होते, वाघाचे, गोल फिरून गेलेले. तुम्ही वडिलांच्या मुंड्यावर हात ठेवून म्हणालात, "राखनदार चांगला भेटला बुढ्याले."

मग तुम्ही विळा काढलात. बायकोच्या मुंड्याभोवतीचं गवत कापलंत. तिथं थांबला नाहीत. तिच्या उजव्या बाजूला, एक खांब मावेल एवढी जागा, मुळापासून साफ केलीत. दगड वेचून बाजूला ठेवलेत. मी विचारलं, "इथं कशाला, दादा?"

"गवत वाढते," तुम्ही म्हणालात.

मला तेव्हाच कळलं होतं. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं, आणि मग ते भांडण तुम्ही जिंकला असता. हे मी अकरा दिवस कुणाला सांगितलेलं नाही. मुंडा नव्या गावात उभा राहिला तर माझं म्हणणं खरं ठरेल, असं मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात होतं. तुमच्या मुंड्यावर मी माझा युक्तिवाद उभा करायला निघाले होते, दादा. दुसऱ्यांदा.

* * *

वरचं लिहून मी बैठकीला गेले. आता सकाळ झाली आहे.

रामलाल आधी बोलला. "बापाले परत जंगलात टाकून आमी इकडं? माह्या पोराईनं कोठी पाया पडाचं? वर्षातून एकदा साहेबाच्या सहीनं?" त्याचं म्हणणंही खरंच होतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. त्या बाट्वा म्हाताऱ्याचा लांब केलेला हात. विळा. वेचलेले दगड. आणि हे मी इतके दिवस का दडवलं, तेही. रामलाल खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मंग त सवालच नाई. बुढ्यानं जागा धरून ठेवली. यष्टीत रुमाल टाकते तशी."

सगळे हसले, रडणारेसुद्धा. तुम्हीही हसला असता.

जेवण, ढोल, नाच हे सगळं रामलालच्या दारी, नव्या गावात होईल. माझं खरं तिथं. मुंडा आत उभा राहील. तुमचं खरं तिथं. एका जुवाला जुंपता आलं नाही, पण दोन बैल एकाच घरचे आहेत, हे तरी कळलं.

रात्रीच रामलालनं रेंजर साहेबांना फोन लावला. तुमचं नाव ऐकून त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. चार माणसं, आग नाही, ढोल नाही, एक तास. रामलालला तो तास ऐकून राग आला. मला नाही आला. त्याला मी जोसेफची गोष्ट सांगितली.

तुमच्याच गावचे एक म्हातारे आज सकाळपासून शेडमध्ये पटाशी घेऊन बसले आहेत. मिस्त्रीनं राखून ठेवलेल्या लाकडातून हळूहळू तुमचे खांदे बाहेर येत आहेत. रामलाल शेजारी उभा राहून सांगतो आहे, "काका, गळ्यात दुर्बीन पाह्यजे बरं." म्हातारे म्हणतात, "घोड्यावर दुर्बीन? पडन ना थो." त्यांचं भांडण मला इथपर्यंत ऐकू येतं आहे.

चौघांत मी आहे. तिथं मोहाखाली तासभर बसेन. गवे असतील तर त्यांच्या डोळ्याला डोळा देणार नाही. आणि तास झाला की, दादा, वानर खाकरो वा न खाकरो, सगळ्यांत आधी मी उठेन.